गॅस बदलतो आहे. मेकॅनिकच्या हाती काय देणार?

(कामगार शिबिरातील भाषण)



स्टेशनवरचा वॉटर कूलर, कँटीनमधला डीप फ्रीझर, फलाटावरच्या स्टॉलमधली आईस्क्रीमची पेटी, ही सारी यंत्रे ज्या गॅसवर चालतात तो गॅस नियमांनी बदलत चालला आहे. विद्युत विभागातले आपले साथी या यंत्रांना हात लावतात. टपाल खात्यातल्या बंधूंच्या कार्यालयातही कूलर आहेच.

इतिहास थोडक्यात सांगतो. मॉन्ट्रियल करार १९८७ सालचा. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. ओझोनचा थर विरवणारा आर-१२ गेला. आता पाळी आर-२२ ची. २०३० मध्ये तो बंद व्हायचा आहे, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरती थोडी सवलत त्यानंतर राहील. आर-१३४ए आणि आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-४०४ए म्हणजे सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइड! २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा.

तारखा लांबच्या वाटतील. पण आज घेतलेला फ्रीझर दहा-पंधरा वर्षे वापरला जातो, म्हणजे त्याची दुरुस्ती या तारखांच्या आतच होणार. म्हणून नवी खरेदी करताना पाटीवर कोणता गॅस लिहिला आहे, ते आजच पाहायला हवे.

पण माझा खरा मुद्दा दुरुस्तीचा आहे. नव्या छोट्या फ्रीझरमध्ये आर-२९० येतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. पृथ्वीला तो जवळजवळ निरुपद्रवी, मात्र ठिणगी मिळाली की पेटतो. हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, कोपऱ्यात साचतो. त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्रात तो मोजून काही ग्रॅमच भरलेला असतो. स्वस्त पडतो म्हणून आर-२२ च्या जुन्या यंत्रात प्रोपेन भरा, असे कोणी साहेब सांगू लागले तर साफ नकार द्या. त्या यंत्राचे स्विच आणि रिले ठिणगी पाडणारे असतात.

लीक शोधण्याची जुनी हेलाइड टॉर्चही आता निवृत्त करा. तिची ज्योत क्लोरीनमुळे हिरवी होते. आर-१३४ए मध्ये क्लोरीनच नाही, तेव्हा लीक असूनही ज्योत तशीच राहते. आणि प्रोपेनजवळ ज्योत न्यायची म्हणजे काय, हे सांगायला नको. साबणाचे पाणी आणि योग्य डिटेक्टर बरा. दाब तपासायला कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावूनच. ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो.

तेलही बदलले आहे. आर-१३४ए सोबतचे पीओई तेल हवेतला ओलावा झटकन शोषते. पाइप उघडा टाकून चहाला गेलात, तर परत आल्यावर पाणी शिरलेलेच समजा.

आता सांगा, हे सारे मेकॅनिकने कशाच्या बळावर करायचे? गॅस हवेत सोडू नका, असा आदेश निघतो. पण तो काढून घ्यायचे रिकव्हरी यंत्र नाही, सिलिंडर तोलायला काटा नाही. मग दोष कुणाचा? मार्च २०१९ च्या देशाच्या कूलिंग कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. हे प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत, पूर्ण पगारी आणि कंत्राटी मुलांनाही मिळाले पाहिजे. सिलिंडर उघडणारा हात पुष्कळदा त्यांचाच असतो.

तेव्हा प्रत्येक शाखेने महिनाभरात यादी करावी. यंत्र कोठे आहे, पाटीवर कोणता गॅस व किती ग्रॅम, गेल्या वर्षात किती वेळा भरावा लागला. वर्षात दोनदा भरावे लागलेले यंत्र यादीत सर्वांत वर लिहा आणि ती यादी घेऊनच व्यवस्थापनाशी बोलायला बसा.