मळ्यातील घर कोणाचे?



आपण घरून चहा घेऊनच निघाला असाल. त्या पेल्याचा हिशेब आज आम्ही मांडणार आहोत. अर्थशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही, पगाराच्या चिठ्ठीवर शिकलो. म्हणून सुरुवात मजुरीपासून.

केरळातील मुन्नार गाव सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. मळ्यांवरचे बहुतेक जुने मजूर तमिळ. पाला खुडतात त्या मुख्यतः बायका. २०१५ साली त्यांची रोजी २३२ रुपये होती आणि तीसाठी २१ किलो ओला पाला खुडावा लागे. साधारण साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे किलोभर चहामागे खुडणारीच्या पदरात पन्नासच रुपये! दुकानातला भाव आपणांस ठाऊक आहेच.

मालक म्हणतात, घर देतो, दवाखाना देतो. खरे आहे, १९५१ च्या मळे-कामगार कायद्यानेच ते बंधन घातले होते. पण नोकरी संपली की खोली सोडावी लागते. म्हणून घरातल्या कोणीतरी मळ्यावर राहिलेच पाहिजे. असे घर हा मजुरीचा भाग, की पायातली बेडी? ऑगस्ट २०२० मध्ये पेट्टीमुडीला रात्री दरड कोसळली आणि मजुरांच्या चाळींतली ७० माणसे गेली. ती तेथे हौसेने राहत नव्हती.

सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस १० टक्क्यांवर आणला, तेव्हा हजारो बायका मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. नऊ दिवसांनी २० टक्के पदरात पडले; ८.३३ टक्के बोनस, उरलेले सानुग्रह अनुदान. रोजी ५०० मागितली होती, ती पुढे ३०१ झाली. पण या बायकांनी संघटनांच्या पुढाऱ्यांनाही दूर ठेवले, हे विसरू नका. पाला खुडणाऱ्या बायका आणि बोलणी करणारे पुरुष, असा हा कारभार होता. आम्हा संघटनावाल्यांना ही गोष्ट झोंबते, आणि झोंबलीच पाहिजे. मजुरीच्या आकड्यावर आम्ही रात्र रात्र घासाघीस केली. घराच्या किल्लीचा प्रश्न मात्र कायम पुढल्या बैठकीवर ढकलला.

ज्याला उद्या छप्पर जाण्याची भीती आहे, तो आज रोजीसाठी किती ताणून धरील? म्हणून घर मजुराच्या नावावर, ही मागणी आता पहिली असली पाहिजे. आणि ती मांडायला टेबलाशी खुडणारी बाईच बसली पाहिजे. आम्ही तिच्या मागच्या बाकावर बसू.