जरा पाणी देता का?

'मंडळी' हा शब्द आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या बोलण्यातला. चर्चला आम्ही मंडळीच म्हणतो. वर छप्पर नसलं तरी चालतं, माणसं जमली की मंडळी झाली.

गेल्या आठवड्यात बटणं घ्यायला मी सोलापूरच्या नवी पेठेत गेलो होतो. एक आजी आल्या, दोऱ्याचं एकच रीळ घेतलं. दुकानदार म्हणाला, "आजी, काल एकदम चार नेली असती तर हेलपाटा वाचला असता की!" आजी म्हणाल्या, "हेलपाट्यासाठीच तर येते रे."

सोलापुरात दोऱ्यावरून नात्यांच्या विणीवर घसरण्याचा मोह फार होतो, तो आवरतो. मला आजींचं ते उत्तर महत्त्वाचं वाटलं. माणसांची गरज आहे, हे त्यांनी न लाजता सांगितलं.

आम्ही पाळक येशूविषयी बोलताना त्याने काय काय दिलं तेच सांगत राहतो. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहा. भर दुपार, वाटचालीने थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. पाणी भरायला शोमरोनी स्त्री येते. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. तरी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाईला आधी नवल वाटतं, मग मोठं संभाषण होतं. यरीहोतल्या जक्कयाचंही तसंच. लोक ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, त्याच्या घरी येशू स्वतःहून पाहुणा झाला. समोरच्याचा मान वाढवायचा तर त्याच्याकडे काही मागावं, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडे तर पाण्याचीच शिवाशिव होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काळात काही दिवस त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात काढले. पुढे नवऱ्याकडे गेल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः विचार करून सोडलं, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटतं, परक्याच्या हातचं घेता येऊ लागलं तेव्हाच ही बाई मोकळी झाली. पुढे त्यांचं घर माणसांनी कायम भरलेलं राहिलं, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

निवृत्त पुरुष माझ्याकडे येतात आणि सांगतात, "आपला कुणाला त्रास नको, पाळकसाहेब." ऐकायला सभ्य वाटतं. पण कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणजे कुणाला दारही उघडायचं नाही. शेजारी विरजण मागा. वरच्या मजल्यावरच्या मुलाला मोबाइलमधलं काही विचारा, येत असलं तरी विचारा. नवी पेठेत आता कोड स्कॅन करून पैसे दिले की गिऱ्हाईक न बोलताच निघतं. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

मागितलं की मिळतंच असं नाही. गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्यासोबत जागं राहायला सांगितलं. तिघेही झोपले. त्याला वाईट वाटलं, ते त्याने बोलून दाखवलं, आणि पुन्हा त्यांच्याकडेच आला.

एक सांगून ठेवतो. झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतं, असे दिवस लांबत असतील तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे बोलता येतं. तेही मागणंच.

हां, आजींचं राहिलं. मी संकोचून म्हणालो, "आजी, मला सुईत दोरा ओवता येत नाही हो. बाहीचं एवढं बटण लावून द्याल?" आजींनी चष्मा पुसला. दुकानदाराने आतलं स्टूल पुढे सरकवलं.