ड्रोन गटाचा, मग रिमोट कुणाच्या हातात?



हल्ली आम्ही कोणत्याही गावात बैठकीला गेलो की हप्ते, व्याज, रजिस्टर हे सगळं झाल्यावर एक प्रश्न येतोच. "ताई, ते ड्रोनचं काय? आपल्या गटाला मिळेल का?" मिळेल की नाही, ते अर्ज केल्यावर कळेल. पण मिळाल्यावर ते सांभाळायचं कसं, उडवायचं कुणी आणि परवडायचं कसं, हे अंगठा किंवा सही करायच्या आधी कळायला हवं. आज तेवढंच बोलू.

पहिली गोष्ट, ड्रोन म्हणजे खेळणं नव्हे आणि नुसता फवारणीचा पंपही नव्हे. कायद्याच्या नजरेत ते विमान आहे, फक्त आत माणूस बसत नाही इतकंच. म्हणून मोटारसायकलला नंबर असतो तसा त्यालाही नोंदणी क्रमांक लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालवणारीचं वय १८ ते ६५ च्या मधे हवं, ती दहावी पास हवी आणि मान्यता असलेल्या संस्थेत शिकून तिने प्रमाणपत्र घेतलेलं हवं. हे प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. विमा नसेल तर उडवता येत नाही. विमानतळाजवळ किंवा बंदी असलेल्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. आपलं गाव कोणत्या पट्ट्यात येतं, ते आधी बघायचं.

आता पैशाचं. नमो ड्रोन दीदी ही केंद्र सरकारची योजना २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी देशातल्या १५ हजार बचत गटांकरता मंजूर झाली. तिच्यात ड्रोन आणि त्याच्या सामानाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान ठेवलं आहे. म्हणजे १० लाखांच्या संचाला २ लाख आपले. ते कर्जाने उभे करता येतात आणि व्याजात ३ टक्के सवलत आहे. संचात जादा बॅटऱ्या, चार्जर, जादा पाती, वारा मोजायचं यंत्र, एका वर्षाचा विमा, दोन वर्षांची देखभाल आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण धरलेलं आहे. अर्ज करताना आत्ता कोणते नियम लागू आहेत, ते कृषी कार्यालयात आणि प्रभाग संघात विचारून घ्या.

८ लाख ऐकले की डोळे दिपतात. पण मैत्रिणींनो, गाय फुकट मिळाली तरी चारा विकतच घ्यावा लागतो. आपण एक साधा हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

एकरी ४०० रुपये दर, दिवसाला १० एकर आणि वर्षात ६० दिवस काम धरलं तर ६०० एकर होतात आणि २ लाख ४० हजार रुपये येतात. चालवणारी आणि मदतनीस दोघींची मिळून दिवसाची मजुरी १००० रुपये, म्हणजे ६० हजार गेले. गाडीभाडं आणि जनरेटरचं पेट्रोल दिवसाला ५०० धरलं तर ३० हजार गेले. उरले दीड लाख. कर्जाचा हप्ता वर्षाला ६० हजार धरला की ९० हजार राहतात. त्यातले ४० हजार बॅटरी, विमा आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढा. गटाच्या हाती ५० हजार. वाईट नाही.

आता हेच काम ६० ऐवजी ३० दिवस मिळालं तर? आले १ लाख २० हजार. मजुरी आणि गाडी मिळून ४५ हजार गेले, हप्ता ६० हजार गेला, उरले १५ हजार. बॅटरीचेसुद्धा पैसे निघत नाहीत. ड्रोन तोच, बाई तीच, मेहनत तीच. फरक फक्त कामाच्या दिवसांचा. म्हणून अर्जाच्या आधी शिवार फिरा. ऊस किती, कपाशी किती, सोयाबीन किती, कोण शेतकरी बोलावतील, हे वहीत लिहा. शेजारच्या गावात दुसऱ्या गटाला ड्रोन मिळाला असेल तर तेही लिहा.

देखभालीचं म्हणाल, तर ड्रोनचा जीव बॅटरीत. दहा लिटरची टाकी भरून साधारण एक एकर होतो, त्याला दहाएक मिनिटं लागतात, मग बॅटरी बदलायची. उतरलेली बॅटरी गरम असते. ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. चार्जिंग सुरू असताना सोडून जायचं नाही आणि झोपायच्या खोलीत, गवताच्या गंजीजवळ तर लावायचीच नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, मग ती कितीही महागाची असो. हंगाम संपला की बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवायच्या नाहीत, निम्म्यावर ठेवायच्या, थंड आणि कोरड्या जागी. किती वेळा चार्ज केल्या, त्याची नोंद दूध डेअरीच्या वहीसारखी रोज करायची. फवारणी झाली की टाकी, नळ्या आणि नोझल स्वच्छ पाण्याने तीनदा धुवायचे. ते पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ सांडायचं नाही.

उडवताना डोकं जाग्यावर हवं. वारा सुटला तर थांबायचं. शेतकरी दादा म्हणतील, "एवढंसं राहिलंय, मारून टाका." नाही म्हणायला शिकायचं. तणनाशकाचा फवारा वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेला तर पीक जातं आणि भाऊबंदकीत नवं भांडण उभं राहतं. तुतीच्या बागेवर गेला तर रेशीम अळ्या मरतात. मधमाश्यांच्या पेट्या, शेततळ्यातले मासे, विजेच्या तारा, हे सगळं आधी पायी फिरून बघायचं. औषधही लेबल वाचून, कृषी सहायकांना विचारूनच.

एवढी कटकट असेल तर करायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजुरांचा जीव गेला. डोक्याएवढ्या पिकात पाठीवर पंप घेऊन शिरलं की औषध अंगावरच येतं. आणि एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ते डोक्यावरून कोण आणतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. ड्रोनला एकरी दहा लिटर पुरतं आणि माणूस बांधावर राहतो. तरी औषध कालवताना हातमोजे आणि तोंडाला मास्क लागतोच. गरोदर बाईने आणि अंगावर दूध पाजणाऱ्या आईने त्या कामाला जाऊच नये.

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. कागदावर नाव ताईचं, रिमोट मात्र भाऊजींच्या हातात, हे चित्र तयार व्हायला वेळ लागत नाही. ग्रामपंचायतीत आपण ते बघितलंच आहे. घरच्या माणसांची मदत जरूर घ्या, पेट्या उचलायला, गाडी चालवायला. पण प्रमाणपत्र जिचं, उडवणार ती. ड्रोन कुणाच्या घरचा नाही, गटाचा आहे. म्हणून ठराव लिहा. ड्रोन कुठे राहील, किल्ली कुणाकडे, पैसे थेट गटाच्या खात्यात कसे जमा होतील, चालवणारीला दिवसाला किती मिळेल, ती बाळंतपणाला गेली किंवा आजारी पडली तर दुसरी कोण. शक्य असेल तर दोघींना शिकवा. एकीच्या अंगावर सगळा गट टाकू नका.

दहावी झालेली, लग्न होऊन आलेली, घरात अडकून पडलेली एखादी सून तुमच्या गटात असेल. पुढच्या बैठकीत तिला पुढे बसवा आणि हा हिशोब तिलाच फळ्यावर मांडायला सांगा. साठ दिवसांचं काम निघत असेल तर अर्ज करा. निघत नसेल तर दोन-तीन गावांचे गट मिळून एक ड्रोन घेता येईल का, ते प्रभाग संघात विचारा. आणि तेही जमत नसेल तर बिनधास्त नको म्हणा. शेळ्या, मसाले, शिलाई यांतही आपली कमाई आहेच.

बैठकीत काय ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा.