सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इस्लामी कट्टरपंथी दहशतवादाला पाश्चात्त्य राष्ट्रांनी कसं उत्तर द्यावं, हा आजचा विषय. लष्कर, व्हिसा, सीमा, तेल, अफगाणिस्तान, कुठूनही सुरुवात करता येईल. मी पॅरिसच्या एका न्यायदालनापासून करणार आहे. गेल्या पंचवीस वर्षांत पाश्चात्त्यांनी या संकटाला जी अनेक उत्तरं दिली, त्यांतलं सगळ्यांत खणखणीत उत्तर मला तिथं दिलं गेलेलं दिसतं.

१३ नोव्हेंबर २०१५, शुक्रवारची रात्र. स्ताद द फ्रान्स या मैदानावर फ्रान्स आणि जर्मनीचा फुटबॉल सामना चालू होता, राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलाँद प्रेक्षकांत होते, आणि बाहेर तिघांनी अंगावरचे बॉम्ब उडवले. शहराच्या दहाव्या-अकराव्या विभागात रस्त्याकडेच्या कॅफेंत बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बाताक्लाँ नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम रंगला होता. एकट्या तिथं नव्वद जणांना मारलं. त्या रात्रीच्या मृतांचा आकडा १३०. आपल्याला हे चित्र नवं नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणं, हातात रायफली, समोर निःशस्त्र माणसं. मुंबईने ते सात वर्षं आधी पाहिलं होतं.

हल्लेखोरांच्या तुकडीतला एकच जण जिवंत सापडला, सालाह अब्देस्लाम. त्याच्यासह वीस जणांवर ८ सप्टेंबर २०२१ रोजी खटला उभा राहिला. इल द ला सिते या बेटावरच्या जुन्या न्यायमंदिरात त्यासाठी नवं दालन बांधलं होतं; फिक्या रंगाचं लाकूड, साडेपाचशे माणसांची सोय, आरोपींसाठी काचेचा पिंजरा. पीडितांना गळ्यात घालायला दोन रंगांच्या पट्ट्या दिल्या होत्या. हिरवी पट्टी म्हणजे पत्रकारांनी बोलायला हरकत नाही, लाल म्हणजे कृपया दूर राहा. निळी जाकिटं घातलेले मानसोपचारतज्ज्ञ दालनात फिरत असत. ज्यांना येणं झेपत नव्हतं त्यांच्यासाठी इंटरनेट रेडिओवरून कामकाज ऐकवलं जाई. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. आरोपीचे हक्क पाळणारं न्यायालय पीडितांकडे पाठ फिरवतं, असा आरोप आपण नेहमी ऐकतो. तो किती पोकळ आहे, ते या पट्ट्यांवरून कळतं.

पहिल्या दिवशी न्यायाधीश ज्याँ-लुई पेरिएस यांनी रीतीप्रमाणे नाव आणि व्यवसाय विचारला. अब्देस्लाम म्हणाला, इस्लामिक स्टेटचा सैनिक होण्यासाठी मी सगळे व्यवसाय सोडले. न्यायाधीशांनी समोरचा कागद पाहिला आणि सांगितलं, माझ्याकडे कंत्राटी कामगार अशी नोंद आहे. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. या माणसाला योद्धा व्हायचं होतं. आपण दोन संस्कृतींच्या महायुद्धातले सेनानी आहोत, असं त्याला जगाकडून वदवून घ्यायचं होतं. न्यायालयाने त्याला ते दिलं नाही. तुझ्यावर खुनाचा आरोप आहे, तू आरोपी आहेस, तुला वकील मिळेल, बस, एवढंच सांगितलं.

मग साक्षी झाल्या. सुमारे पाच आठवडे, रोज, साडेतीनशेच्या आसपास माणसं त्या कठड्याशी येऊन बोलली. पोटची पोरं गेलेले आईबाप, प्रेतांखाली दबून वाचलेली तरुण माणसं. काही रागाने बोलले, काही जण अब्देस्लामकडे बघत बोलले, काहींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. १० नोव्हेंबर २०२१ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष ओलाँद स्वतः साक्षीला उभे राहिले. फ्रान्सने सीरियात बॉम्ब टाकले म्हणून आम्ही हे केलं, असं आरोपीचं म्हणणं होतं. त्यावरच्या उलटतपासणीलाही ओलाँद यांना सामोरं जावं लागलं. राज्याच्या माजी प्रमुखाने आरोपीच्या वकिलाला उत्तर द्यावं, यात मला राज्याची ताकदच दिसते.

२९ जून २०२२ रोजी निकाल लागला. अब्देस्लामला आजन्म कारावास, तोही सुटकेची वाट जवळजवळ बंद असलेला. फाशी नसलेल्या फ्रान्समध्ये याहून कडक शिक्षा नाही. आपण ऐन वेळी स्फोट न करण्याचं ठरवलं, हा त्याचा दावा न्यायालयाने मानला नाही. त्याचा पट्टाच नादुरुस्त होता, असं पुरावा सांगत होता. पण त्याच निकालात एका आरोपीवरचा दहशतवादाचा आरोप टिकला नाही. त्याने खोटी कागदपत्रं पुरवली होती, पण ती कशासाठी हे त्याला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही. त्याला दोन वर्षं मिळाली. दोन वर्षांपासून आजन्मापर्यंत, वीस जणांचा एकेकाचा स्वतंत्र हिशेब झाला. आणि कोणीही अपील केलं नाही.

आजच्या व्याख्यानातून मला जे सांगायचं आहे ते इथंच आहे. दहशतवादाला माणसं सरसकट मोजायची असतात. कॅफेत बसलेली मुलगी त्याच्या लेखी मुलगी नसते, ती 'पश्चिम' असते. आणि त्याला हवं असतं की समोरच्यानेही तसंच सरसकट मोजावं. हा माझा तर्क नाही. इस्लामिक स्टेटच्या दाबिक या मासिकाने २०१५ च्या सुरुवातीला हे उघड लिहिलं होतं. पाश्चात्त्य देशांत मुसलमान इतरांबरोबर जे सामान्य आयुष्य जगतात, त्या मधल्या करड्या पट्ट्याचा त्यांना नायनाट करायचा होता. हल्ले करायचे, त्यावर राज्यकर्ते मुसलमानांवर तुटून पडतील, मग या लोकांना आमच्याकडे येण्यावाचून गत्यंतर उरणार नाही, असा तो हिशेब. आपल्याकडे म्हणतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. दहशतवाद्याला ओलंच जाळायचं असतं. सुकं आणि ओलं वेगळं काढण्याचं काम माणसाने शोधलेल्या संस्थांपैकी एकच नीट करते, ती म्हणजे उघड चालणारं, पुरावा मागणारं न्यायालय.

यावर कोणी म्हणेल, न्यायालय नंतरचं, आधी हल्ला थांबवा. बरोबर आहे. पण हल्ले थांबतात ते बातमीने, आणि बातमी येते मुसलमान जिथं राहतात त्याच वस्त्यांतून. पॅरिसच्या हल्ल्याचा म्होरक्या अब्देलहमीद अबाऊद हल्ल्यानंतर ओबेरविलिए भागात झुडपांत लपला होता. त्याच्या नात्यातली बहीण जिच्या घरी राहत होती, त्या बाईने त्याला तिथं पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. तो पुढच्या हल्ल्याच्या गोष्टी करत होता. १८ नोव्हेंबरला साँ-दनीमध्ये पोलिसांनी छापा घातला, त्यात तो मारला गेला. त्या बाईला पुढे नाव-गाव सोडून जगावं लागलं. जगाला ती फक्त 'सोनिया' म्हणून माहीत आहे. त्याच वर्षी जानेवारीत पॅरिसमधल्या यहुदी किराणा दुकानावर हल्ला झाला, तेव्हा गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपवणारा लासाना बातिली हा माली देशातून आलेला मुसलमान कामगार होता. पोलीस दिसला की जिथं दार बंद होतं, तिथून असा फोन कधी येणार नाही.

फ्रान्सने चुकाही केल्या, आणि त्या याच मुद्द्यावर केल्या. हल्ल्याच्या रात्रीच आणीबाणी जाहीर झाली, १९५५ च्या, अल्जीरियाच्या युद्धातल्या कायद्याखाली. ती १ नोव्हेंबर २०१७ पर्यंत चालली. न्यायाधीशाच्या परवानगीवाचून चार हजारांवर घरझडत्या झाल्या. त्यांतून दहशतवादाचे खटले उभे राहिले ते अगदी मोजके. रात्री दार तोडून घरात शिरलेले पोलीस मुलांनी पाहिले, आणि सापडलं काहीच नाही, अशी घरं किती असतील! पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी याच अधिकारांखाली पर्यावरण कार्यकर्त्यांनाही घरात डांबलं. दुहेरी नागरिकत्व असलेल्या दोषींचं फ्रेंच नागरिकत्व काढून घेण्याची घटनादुरुस्ती ओलाँद यांनी मांडली. कायदामंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी त्यावरून जानेवारी २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत प्रस्तावही बारगळला. आणि आणीबाणी चालू असतानाच, १४ जुलै २०१६ रोजी नीसमध्ये एकाने गर्दीवर ट्रक घालून ८६ माणसं मारली.

अमेरिकेची गोष्ट याहून दुःखाची आहे. एका मामा-भाच्याची जोडी बघा. रामझी युसूफने १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब उडवला, सहा माणसं मेली. १९९५ मध्ये तो इस्लामाबादला पकडला गेला, न्यूयॉर्कच्या नेहमीच्या न्यायालयात त्याच्यावर ज्युरीपुढे खटला चालला, १९९८ मध्ये जन्मठेप झाली. आज त्याचं नावसुद्धा कोणाला आठवत नाही. त्याचा मामा खालिद शेख मोहम्मद, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार, २००३ मध्ये रावळपिंडीत सापडला. त्याला न्यायालयात न नेता सीआयएने गुप्त कोठड्यांत ठेवलं. पाण्यात बुडवल्याचा भास देणारा छळ त्याच्यावर १८३ वेळा केला. मग ग्वांतानामोचा लष्करी तुरुंग. २००९ मध्ये त्याचा खटला न्यूयॉर्कला चालवण्याचं जाहीर झालं, पण राजकीय विरोध इतका झाला की २०११ मध्ये तो बेत सोडला. लष्करी आयोगापुढे वर्षानुवर्षं वाद चालला तो छळातून मिळालेला पुरावा चालेल का, यावर. २०२४ मध्ये कबुलीचा करार झाला आणि संरक्षणमंत्र्यांनी दोन दिवसांत मागे घेतला. जवळपास तीन हजार माणसांच्या खुनाचा खटला उभाच राहिलेला नाही. छळाने अमेरिकेला काय मिळालं? ग्वांतानामोच्या कैद्यांचा नारिंगी पोशाख इस्लामिक स्टेटने आपल्या ओलिसांना घातला आणि त्यांचे गळे चिरतानाच्या चित्रफिती जगभर पाठवल्या.

आपण मुंबईकडे येऊ. ऑर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश ताहिलियानी यांच्यापुढे मुंबईवरच्या त्या हल्ल्यातला हल्लेखोर कसाब याचा खटला चालला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पायाला गोळी लागलेली लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने त्याला ओळखलं. कसाबला वकील मिळाला, उच्च न्यायालय मिळालं, सर्वोच्च न्यायालय मिळालं, मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्या काळात किती जण चिडून विचारत होते, हे लाड कशाला? तुरुंगात त्याला बिर्याणी देतात, ही गोष्ट घरोघरी पसरली. ती आपणच रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी पुढे स्वतः सांगितलं. लोकांचा संताप खरा होता. पण न्यायालयाने संतापाकडे पाहिलं नाही. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. ज्या शहरात १६६ माणसं मेली, त्या शहरातलं न्यायालय दोन मुसलमान आरोपींना सांगतं, तुमच्याविरुद्ध पुरावा नाही, तुम्ही यातून मुक्त. त्या निकालाचा मला कसाबच्या शिक्षेइतकाच अभिमान वाटतो.

याचा अर्थ विचारसरणीकडे डोळेझाक करावी असा मुळीच नाही. जिहादी सलफी विचार हा विचार आहे, त्याचे प्रचारक आहेत, पैसे आहेत, आणि त्याचं नाव घ्यायला कचरणं हा मुसलमानांचा आदर नव्हे. १६ ऑक्टोबर २०२० रोजी सॅम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाचं डोकं शाळेजवळ उडवलं गेलं. त्याची सुरुवात एका खोट्यापासून होती: वर्गात हजर नसलेल्या मुलीने वर्गात काय झालं ते घरी रचून सांगितलं. तिच्या वडिलांनी आणि एका धर्मप्रचारकाने त्यावरून समाजमाध्यमांवर शिक्षकाच्या नावानिशी मोहीम पेटवली. सुरा दुसऱ्याच्या हातात होता, तरीही डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या विशेष न्यायालयाने या दोघांना दोषी ठरवलं. आग लावणाऱ्यापर्यंत कायद्याचा हात पोचला पाहिजे, आणि तो असाच पोचतो: कोणी काय म्हटलं, कधी, त्यातून काय घडलं, हे एकेक सिद्ध करून. पाळत ठेवायची तर ठेवा, न्यायाधीशाची सही घेऊन ठेवा. द्वेष पसरवणाऱ्या परदेशी प्रचारकाला बाहेर काढायचं तर काढा, पण त्याला दाद मागायची वाट ठेवून.

शेवटी एका गोष्टीबद्दल मला कडक बोललं पाहिजे. इस्लामिक स्टेट कोसळल्यावर तिथं गेलेल्या युरोपीय नागरिकांचं काय करायचं, या प्रश्नावर हेच पाश्चात्त्य देश पळून गेले. ब्रिटनने पंधराव्या वर्षी सीरियाला गेलेल्या शमिमा बेगमचं नागरिकत्वच काढून घेतलं. फ्रान्सने आपले नागरिक इराकच्या न्यायालयांवर सोडले. २०१९ मध्ये बगदादमध्ये अकरा फ्रेंच नागरिकांना झटपट खटल्यांत फाशीची शिक्षा सुनावली गेली. स्वतःच्या देशात फाशी रद्द करून चाळीसएक वर्षं होत आलेल्या राष्ट्राने ते होऊ दिलं. ईशान्य सीरियातल्या छावण्यांत युरोपीय मुलं तंबूंत वाढली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यावरून फ्रान्सला दोषी धरलं.

युरोपच्या राष्ट्रांना मी म्हणेन, त्या छावण्यांत गेलेले युरोपीय प्रौढ तुमचे नागरिक आहेत. त्यांतल्या ज्यांनी खून केले, गुलाम ठेवले, त्यांना घरी आणा आणि पिंजऱ्यात उभं करा. पॅरिसच्या त्या दालनात पुढे नीसचाही खटला चालला. तुमच्याकडे न्यायाधीश आहेत, वकील आहेत, हे काम कसं करायचं ते तुम्ही जगाला दाखवलेलं आहे. आणि ती मुलं कोणत्याच खटल्यात आरोपी नाहीत. त्यांना सगळ्यांत आधी आणा.