जुन्या जावाचा अस्सल फोर्क

म्हैसूरचा आयडियल जावा हा मोटरसायकलींचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यामुळे जुन्या जावा-येझदीचा अस्सल पुढचा फोर्क आता भंगारातल्या गाड्यांमधून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणीच शोधावा लागतो.

वरच्या रंगाला भुलू नका. फोर्कचा पाइप सपाट काचेवर लोळवा. खालची उजेडाची फट कमी-जास्त झाली, तर तो वाकलेला आहे. मग ऑइल सील घासते तिथे नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले, तर नवे सीलही फाटते. पण पाइप सरळ असेल, तर हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून तो मूळ मापावर आणता येतो. चकचकीत नकलेपेक्षा माझ्या मते हाच सरस.

वेल्डिंग केलेला फोर्क मात्र कितीही अस्सल असला तरी घेऊ नका. ब्रेक दाबताच गाडीचा बराचसा भार त्याच्यावर येतो.