पसरणीचा गळा, वाशीचा बाजार



लोककलेच्या या संमेलनासाठी वाशीत तुमचं स्वागत. बाजाराच्या बाजूने आला असाल, तर कांद्याने आणि मिरचीने ते आधीच केलं असेल.

मुंबईतले घाऊक बाजार खाडी ओलांडून इथे आले आणि त्यांच्यामागे आमच्या माथाडींच्या टोळ्या. बहुतेक माणसं सातारा-सांगलीकडची. तेव्हा आज मी शाहीर साबळ्यांचं नाव पहिलं घेतो, त्यात थोडा गाववालेपणा आहे. तेवढा पोटात घाला.

वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म १९२३चा, शिक्षण सातवीपर्यंत. अमळनेरला साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गळ्याला दिशा मिळाली. पुढे १९९८मध्ये पद्मश्री.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२३मध्ये, 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची; पण डोळे मिटले की ऐकू येतो तो शाहिरांचाच आवाज. माझी तक्रार आपल्याबद्दलच आहे. एक मे आला की आपण ते गाणं कर्ण्यावर लावतो आणि शाहिरांचं बाकीचं काम विसरतो. 'आंधळं दळतंय' कुणाला आठवतं? मुंबईतल्या मराठी माणसाची फरफट त्यांनी मुक्तनाट्यातून मांडली, तीही लोकांना खदखदा हसवत. पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला आपलंच दुखणं मंचावर दिसणं, ही काय चीज असते, ते आमच्या लोकांना विचारा.

आणि 'महाराष्ट्राची लोकधारा'! वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी, सगळे एका पडद्यामागून आले. जाणकार म्हणतात, रात्रभर चालणारा गोंधळ त्यात दहा मिनिटांत उरकला. म्हणणं खोटं नाही. पण शहरातल्या पोरांना संबळ नावाचं वाद्य असतं हे त्या दहा मिनिटांनीच कळलं, त्यात मीही आलो.

उरलेली रात्र मात्र आपल्याला भरून काढायची आहे. आम्ही इथे यायच्या कितीतरी आधीपासून वाशीगाव आहे, आगरी-कोळ्यांचं. त्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्यांवरच विधी पुढे सरकतात. दुपारच्या सत्रात आमच्या धवलारणी गाणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे वेळ छापलेली नाही. ती छपाईची चूक समजू नका. घंटा मी माझ्या खिशात ठेवली आहे.