दोन घरांतल्या दोन बायका

बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या की आमच्या गटात आम्ही अर्धा तास काहीतरी वाचतो. यंदा शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची सुरुवात घेतली. एका ताईंची मुलगी कॉलेजात हे नाटक शिकते. ती मराठीत सांगत गेली, आम्ही ऐकत गेलो.

नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १५९७ साली. गोष्ट इटलीतल्या व्हेरोना शहराची. पहिल्या चौदा ओळींतच शेवट सांगून टाकलाय: दोन घरांचं वैर मिटतं, पण पोटची पोरं गेल्यावर. आम्ही म्हटलं, मग आता ऐकायचं काय? मुलगी म्हणाली, “मावशी, हे कुठे थांबवता आलं असतं, ते बघत ऐका.”

पहिल्या प्रवेशात आधी भांडणच. रस्त्यावर दोन्ही घरांचे नोकर समोरासमोर येतात. कॅप्युलेटांचा एक नोकर दातांत अंगठा धरून दाखवतो. तिथे ती शिवीच. ‘आम्हाला दाखवलास का?’ असं विचारल्यावर तो सोबत्याला हळूच विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का? नाही म्हटल्यावर शब्द फिरवतो. तरी तलवारी निघतातच. बेन्व्होलिओ सोडवायला जातो, तर टिबाल्ट त्याच्याच अंगावर येतो. मग म्हातारे मालकही धावतात.

आम्ही थबकलो ते इथे. कॅप्युलेट तलवार मागतो, तर बायको म्हणते, तुम्हाला आता कुबडी हवी. तिकडे माँटेग्यूची बायको नवऱ्याला पुढे जाऊ देत नाही. वैरी घरांतल्या दोघी, पण एकाच वेळी दोघीही आवरायलाच बघतात. मात्र एकमेकींशी चकार शब्द नाही. आणि वैराचं मूळ कारण? नाटकभर कोणी सांगत नाही.

आमच्याही गटात दोघी आहेत. सासऱ्यांच्या वेळेपासून बांधावरून घरांचं बोलणं बंद. त्यांतल्या एकीने विचारलं, “त्या दोघी पुढे तरी बोलल्या का गं?”

“नाही. भाचा मारला गेल्यावर कॅप्युलेटची बायकोच रोमिओचा जीव मागते. आणि रोमिओला हद्दपार केल्यावर त्याची आई झुरून मरते.”

कोणी काही बोललं नाही. निघताना त्याच ताईंनी दुसरीला विचारलं, “तुमच्या धाकट्याचा ताप उतरला का?”

बांध अजून आहे तिथेच आहे. पण मैत्रिणींनो, तुमच्या गावात असं भांडण असेल, तर त्या घरांतल्या बायका एकमेकींशी बोलतात का, एवढं जरूर बघा.